त्या दिवशी माझा उपवास नव्हता

"आज माझा उपवास आहे हो ताई," मी म्हटलं आणि पुढे आलेलं पान दोन बोटांनी हलकेच मागे सारलं. वार गुरुवार होता, त्यामुळे कुणाला काही वाटलं नसावं. चैत्रातली भर दुपार. गडचिरोलीत, भामरागडच्या पुढे आत, कच्च्या रस्त्यावरचं एक माडिया आदिवासींचं गाव. अंगणवाडीच्या पडवीत आम्ही सात-आठ जणी भिंतीच्या सावलीत पाय मुडपून बसलेलो. वाऱ्याची झुळूक आली की मोहफुलांचा गोड, आंबूस, डोक्यात चढणारा वास येत होता. तिथल्या अंगणवाडीच्या ताईंनी डब्यातून भात काढला, कसलीशी रानभाजी काढली आणि शेवटी एक पानाची पुडी उलगडली. आत शेंदरी रंगाचा ओलसर गोळा होता. त्याचा वास आधी आला. कैरीचा देठ मोडल्यावर चीक उडतो ना, तसा झणझणीत आंबट. क्षणभर तोंडाला पाणी सुटलं, हे मला आजही स्पष्ट आठवतं. मग नजर गेली. गोळ्याच्या कडेला, मिरचीच्या बीजवळ, केसासारखा बारीक एक पाय होता, गुडघ्यात वाकलेला. लाल मुंग्यांची चटणी. सुटलेलं पाणी तोंडातल्या तोंडात आटलं, पोटात ढवळल्यासारखं झालं आणि माझी जीभ आपसूक खोटं बोलून मोकळी झाली.

ताई काही बोलल्या नाहीत. "असू द्या मॅडम," एवढंच म्हणाल्या. पुडी शेजारणीकडे सरकली आणि तिथून पुढे गेली. बाकीच्या बायका भाताच्या प्रत्येक घासाबरोबर बोटाच्या टोकाने ती चटणी लावून खात होत्या, लोणचं खावं तशी चवीने. माझ्यासाठी कुणीतरी दोन केळी आणून दिली. उपवासाची.

खरं तर मी तिथे पोषणावर बोलायला गेले होते. सकाळचे दोन तास अंगणवाडी सेविकांसमोर तक्ते लावून मी प्रथिनं समजावत होते. गरोदर बाईला काय द्यावं, सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला काय भरवावं, अंडं का महत्त्वाचं, डाळ-तांदळाचं प्रमाण किती. तक्त्यावर एक वाक्य मोठ्या अक्षरात होतं: 'स्थानिक पातळीवर सहज मिळणाऱ्या पौष्टिक पदार्थांचा आहारात समावेश करा.' ते मी दोनदा वाचून दाखवलं होतं, खाली लाल रेघही ओढली होती. तासाभराने तोच स्थानिक, सहज मिळणारा, पौष्टिक पदार्थ पानावरून माझ्यासमोर आला आणि मी तोंड फिरवलं. परतताना आलापल्लीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी सागाचं पानगळलेलं जंगल मागे पळत होतं, चालकाने रेडिओ लावला होता, आणि माझ्या मनाला ते पान सारणारी माझीच दोन बोटं खात होती. न खाण्याचं वाईट वाटत नव्हतं. एखादी गोष्ट नाही खाववत माणसाला. पण "ताई, मला सवय नाही, मला जमणार नाही" एवढं सरळ बोलता आलं असतं. मी देवाला मध्ये घातलं. माझी किळस सोवळ्यात गुंडाळून दिली.

मी दापोलीकडची. आमच्या घरात पावसाळा सुकटीवर निघायचा. मे महिन्यात हर्णैच्या बंदरावरून वडील गोणपाटाच्या पिशवीत सुका जवळा आणायचे आणि आजी तो अंगणात चटईवर पुन्हा दोन उन्हं द्यायची. मग निवडायला बसायचो. बारीक शिंपल्या, वाळूचे कण, चिमुकले खेकडे, कधी समुद्रातल्या गवताची काडी. ते सगळं वेचून टाकायचं आणि उरलेला जवळा सुपात पाखडायचा. पाखडताना मिशा आणि पाय तुटून कोंड्यासारखे उडायचे. नखाएवढा एकेक जीव, पारदर्शक गुलाबी अंग, आणि डोक्यापाशी मोहरीहून बारीक दोन काळे ठिपके. डोळे. शेकडो, हजारो डोळे सुपातून आमच्याकडे बघत असायचे आणि आमच्यापैकी कुणाला, एकदाही, काही वाटलं नाही. तव्यावर जवळा टाकला की पहिल्या मिनिटात घरभर जो वास सुटायचा तो माझ्यासाठी आषाढाचा वास आहे. बाहेर कौलांवरून धारा, चुलीत ओल्या लाकडांचा धूर, तव्यावर जवळा, वरून कांदा, लाल तिखट, दोन आमसुलं. तांदळाच्या भाकरीबरोबर. आजही कुणी विचारलं की सुख म्हणजे काय, तर मला सर्वांत आधी ते ताट दिसतं.

जवळा हा कोळंबीचा धाकटा भाऊबंद. आणि कोळंबी ही मुंगीची चुलत बहीण. ही काही उपमा नव्हे, प्राणिशास्त्र आहे. सांधे असलेले पाय, अंगावर कायटिनचं कवच, वाढताना कात टाकणं. कोळंबी, खेकडे, मुंग्या, टोळ सगळे संधिपाद. अलीकडचे शास्त्रज्ञ तर म्हणतात की कीटक हे कवचधारी जलचरांच्याच वंशवृक्षाला फुटलेली एक फांदी आहेत, जमिनीवर आलेली. म्हणून ज्याला कोळंबीची ॲलर्जी असते त्याला रातकिड्याचं किंवा अळ्यांचं पीठ खाऊनही त्रास होऊ शकतो. शरीराला नातं कळतं. आपल्याला ते मान्य करायला जड जातं.

मुंग्यांशी माझी ओळख काही भामरागडात झाली नव्हती. आमच्या परसातल्या रायवळ आंब्यावर ओंबील असायचे. पानं जोडून केलेली त्यांची घरटी, नारळाएवढी. आंबे काढायला चढलेला गडी शिव्या देत खाली यायचा, मानेवर, पाठीवर लाल गांधी उठलेल्या. एकदा मीच खालच्या फांदीला हात घातला आणि कोपरापर्यंत मुंग्या चढल्या. त्या चावतात आणि चावलेल्या जागी आम्ल सोडतात, म्हणून आग होते. आजीने हळद आणि खोबरेल लावलं, आणि संध्याकाळी वडिलांनी लांब काठीला चिंध्या बांधून, रॉकेलमध्ये बुडवून ती घरटी पेटवली. फटफट आवाज होत पानं जळत होती. आम्ही मुलं टाळ्या पिटत होतो. तीच मुंगी. त्याच घरट्याला कुणी जपून उतरवतं, हे कळायला मला पंचेचाळीस वर्षं लागली.

भामरागडहून परतल्यावर कित्येक दिवस माझ्या मनात ती गोष्ट एका दुसऱ्याच गोष्टीला जाऊन चिकटत होती. पुण्याच्या वसतिगृहाला. बारावीनंतर शिकायला आले तेव्हा आईने स्टीलच्या गोल डब्यात सुकटीची कोरडी चटणी दिली होती, झाकणाला फडकं बांधून. तिसऱ्या दिवशी घरची फार आठवण आली म्हणून खोलीत डबा उघडला. माझ्या खोलीतली मुलगी पलंगावर वाचत बसली होती. ती काही बोलली नाही. पुस्तक पालथं ठेवलं, ओढणी नाकाला लावली, उठली आणि खिडकीची दोन्ही तावदानं सताड उघडली. पावसाचे शिंतोडे आत येऊन माझी गादी भिजली. दुसऱ्या दिवशी रेक्टरबाईंनी बोलावून घेतलं आणि मजल्यावर "काहीतरी मेल्याचा वास" येत असल्याची तक्रार सांगितली. मी म्हटलं, मला माहीत नाही. रात्री तो डबा वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या कचराकुंडीत टाकला. चटणीसकट डबाच. आईचं नाव कोरलेला होता तो. सुट्टीत घरी गेल्यावर आईने विचारलं तेव्हा चोरीला गेला म्हणून सांगितलं.

त्यानंतरची तीन वर्षं कुणी विचारलं की तुम्ही कोकणातले म्हणजे मासे खात असाल, तर मी म्हणायचे, हो, पापलेट, सुरमई. हे दोनच. त्या दोन नावांना शहरात मान होता. सुकट, बोंबील, तिसऱ्या ही नावं मी गिळून टाकली. मासे खाणाऱ्यांतही उतरंड असते, आणि तिच्या तळाशी जे असतं ते नेहमी गरिबाच्या चुलीवरचं असतं, हे मला कुणी शिकवलं नाही. त्या उघडलेल्या खिडकीने शिकवलं.

आणि हे सगळं अंगावर काढलेली मी.

कीटक खाण्याचा विषय निघाला की लोक पहिलं वाक्य म्हणतात, "शी, आपण नाही बाबा." मीही तेच म्हटलं असतं. पण एकदा लक्ष गेलं की आपल्याच स्वयंपाकघरात आपण किती ठिकाणी डोळे मिटून घेतो ते दिसायला लागतं. तांदळात सोंडे निघतात, मुगाला टोके लागतात, रव्यात जाळी धरते. आपण ऊन दाखवतो, चाळतो, निवडतो, आणि जे निवडण्यातून सुटतं ते शिजतं. मटार सोलताना पोपटी अळी निघते. मटाराच्याच रंगाची, मटारच खाऊन वाढलेली. गिरणीतून दळून आलेल्या पिठात काय काय दळलं गेलं असेल याचा विचार आपण करत नाही, आणि बरंच आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर त्याची मोजदादच करून ठेवली आहे. पन्नास ग्रॅम गव्हाच्या पिठात कीटकांचे सरासरी ७५ तुकडे भरेपर्यंत ते पीठ खपवून घेतलं जातं, कारण शेतातून येणारं धान्य याहून स्वच्छ करणं व्यवहारात शक्य नाही. उंबराचं तर आपल्याला पूर्वीपासून माहीत आहे. पिकलेलं उंबर फोडलं की आतून चिलटांएवढ्या बारीक गांधीलमाश्या भुर्रकन उडतात. त्या आत शिरल्याशिवाय उंबराचं परागीभवन होत नाही. लहानपणी आम्हाला सांगायचे, उंबर खायचं तर फोडून बघू नये. झाडाखाली दत्ताचं देऊळ होतं आणि आम्ही न बघता खायचो.

आणि सोवळं? आजोबा पूजेला बसताना मुकटा नेसायचे. रेशमाचा, कारण सुती वस्त्र विटाळतं आणि रेशीम विटाळत नाही. एका रेशमी वस्त्रासाठी हजारो कोश आतल्या जिवंत किड्यांसकट उकळत्या पाण्यात सोडतात. पंचामृतात मध, जो मधमाशीने पोटात साठवून, पुन्हा तोंडातून काढून पोळ्यात भरलेला असतो. नवरीच्या हातात लाखेच्या बांगड्या, आणि लाख म्हणजे पळस-कुसुमावर बसणाऱ्या बारीक किड्यांचा स्राव. मिठाईवरचा, गोळ्यांवरचा चकचकीत लेप पुष्कळदा त्याच लाखेचा असतो, पाकिटावर ९०४ असा आकडा लिहिलेला. लाल रंगाच्या कित्येक खाद्यपदार्थांत निवडुंगावरचे किडे वाळवून काढलेला किरमिजी रंग असतो, त्याचा आकडा १२०. आकडा वाचून कुणाला शिसारी येत नाही. मी हे कुणाला चूक ठरवायला सांगत नाही. मुकट्यातले आजोबा मला आजही तितकेच पवित्र वाटतात. मला फक्त एवढंच दिसतं की कीटक आपल्या देवघरात, माजघरात, अंगावर सगळीकडे आहे. अडतं ते पाय दिसला की.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी ऐंशीच्या दशकात सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग केला होता. लोकांसमोर पेल्यात फळांचा रस ठेवायचा आणि त्यात एक मेलेलं झुरळ बुडवून काढायचं. झुरळ पूर्णपणे निर्जंतुक केलेलं. तसं लोकांना सांगितलेलंही. तरी तो रस पुन्हा प्यायला बहुतेक जण तयार होईनात. रोगाची भीती नव्हती, चवीत फरक नव्हता. रसाला झुरळ 'लागलं' होतं, बस. मी हे वाचलं तेव्हा मला विटाळ हा शब्द आठवला. हा शब्द आपल्याकडे केवळ अन्नासाठी वापरला गेलेला नाही. माणसांसाठी वापरला गेला. कुणाच्या विहिरीला, कुणाच्या सावलीला, कुणाच्या ताटाला. आपल्या समाजात किळस कधी एकट्या जिभेपुरती राहिली आहे? ती वस्तूवरून ती खाणाऱ्याकडे सरकते आणि तिथे मुक्काम करते. खेकडे-उंदीर खातात म्हणून कातकऱ्यांना काय काय म्हटलं जायचं ते मी आमच्याच गावात, आमच्याच पडवीत ऐकलेलं आहे. बोलणारे स्वतः चिंबोऱ्यांचा रस्सा ओरपत असायचे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

त्याच वर्षीच्या दिवाळीत भाचा आला. तो नेदरलँड्समध्ये असतो, वाखेनिंगेनला शेतीशास्त्र शिकतो. तिथल्या विद्यापीठात कीटकांवर अन्न म्हणून कितीतरी वर्षं काम चाललंय. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०१३ सालचा गाजलेला अहवाल तिथल्या आणि संघटनेच्या संशोधकांनी मिळून लिहिला. जगातले सुमारे दोन अब्ज लोक कीटक खातात, १९०० हून अधिक जाती खाल्ल्या जातात, आणि एक किलो वजन वाढवायला गाईगुरांना आठ किलो चारा लागत असेल तर रातकिड्यांना दोन किलोत भागतं, हे आकडे त्यातले. भाचा हे सगळं तळमळीने सांगत होता. युरोपीय संघाने २०२१ मध्ये पिठातल्या पिवळ्या अळ्यांना मानवी अन्न म्हणून मंजुरी दिली, मग टोळ, मग रातकिडे. २०२४ मध्ये सिंगापूरने एकदम सोळा जातींना परवानगी दिली. बोलता बोलता त्याने बॅगेतून एक पाकीट काढलं. हिरव्या-पांढऱ्या रंगाचं, सुबक, कडक कागदाचं. रातकिड्यांच्या पिठाच्या, खजूर घातलेल्या वड्या.

घरात एकच गलका झाला. आधी "ईऽऽ", मग हसणं, मग मोबाइल निघाले. वहिनी, जी अंड्याचं भांडं वेगळं ठेवते, तिनेसुद्धा कडेचा एक तुकडा मोडून जिभेवर ठेवला. "काहीच कळत नाही रे! खजुराची वडीच आहे." मुलांनी एकेक पूर्ण खाल्ली. कुणीतरी किंमत विचारली, भाच्याने युरोमध्ये सांगितली, कुणीतरी रुपयांत हिशोब केला आणि सगळ्यांच्या डोळ्यांत त्या वडीविषयी आदर आला. मीही खाल्ली. हात अजिबात अडखळला नाही. तपकिरी, थोडी खरखरीत, भाजलेल्या शेंगदाण्याच्या कुटासारखी. पाय नव्हते, मिशा नव्हत्या, डोळे नव्हते.

दुसरा तुकडा उचलताना मला ते पान दिसलं.

त्या रात्री झोप आली नाही. सात महिन्यांपूर्वी एका बाईने स्वतःच्या जेवणातला सगळ्यात चवीचा वाटा मला देऊ केला होता. तो ताजा होता, तिच्या ओळखीच्या झाडावरून आलेला, तिच्या घरच्या दगडावर वाटलेला. तेव्हा मला गुरुवार आठवला. आणि कुठल्यातरी कारखान्यात पेट्यांमध्ये वाढवलेले, गोठवून मारलेले, दळलेले किडे मी खजुरात घोळवून चहाबरोबर खाल्ले, कारण ते युरोपहून आले होते आणि पाकिटावर भविष्याचं अन्न असं लिहिलं होतं. भाच्यावर माझा राग नाही. त्याचं म्हणणं खरंच आहे, आणि एवढ्या तोंडांना पुरेल असं अन्न शोधणारी मुलं मला मोलाची वाटतात. पण बाजाराने कीटक दळून, गोड करून, अदृश्य केल्यावरच तो आपल्या घशाखाली उतरणार असेल, तर आपली किळस गेली असं कसं म्हणायचं? ती होती तिथेच आहे. आपण फक्त तिच्यावर चांगला कागद गुंडाळला.

पुढच्या चैत्रात मी पुन्हा गेले. या वेळी कामाला दोन दिवस जोडून घेतले. निघताना पिशवीत दापोलीहून मागवलेला अर्धा किलो सुका जवळा घेतला. का घेतला ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

ताईंच्या घरी पोचले तेव्हा उन्हं कलत होती. चहा झाला. कसं सुरू करावं कळेना, म्हणून सरळच बोलले. "ताई, गेल्या वर्षी तुम्ही चटणी दिली होती. त्या दिवशी माझा उपवास नव्हता."

ताई चुलीत लाकूड सारत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माहीत हाय जी. सकाळी तुम्ही आमच्यासंग बिस्कुटं खाल्ली होती."

आवाजात टोचणी नव्हती. मला वाटतं तेच जास्त लागलं. त्यांना वर्षभर माहीत होतं. त्या दिवशी ती केळी माझ्यापुढे आली तेव्हाही माहीत होतं. मग हळूहळू त्याच बोलत्या झाल्या. मुलगी नागपूरला नर्सिंग शिकते. वसतिगृहात कुणी मोबाइलवर मुंग्यांच्या चटणीचा व्हिडिओ लावला, गावात कॅमेरा घेऊन आलेला कुणीतरी डोळे विस्फारून, तोंड वाकडं करून खाताना, तर सगळ्या मुली ओरडल्या आणि हिच्याकडे वळून विचारलं, तुमच्याकडे खातात का गं? "ती म्हणली, नाही, आमच्या गावात नाही खात." ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. "सुट्टीत घरी आली की पोटभर खाते. जाताना डब्यात देतो म्हटलं तर नको म्हणते." मला वर्तमानपत्रात गुंडाळलेला आईचा डबा आठवला. मी ती गोष्ट ताईंना सांगितली, चाळीस वर्षांत कुणालाही न सांगितलेली. त्यांनी एकच विचारलं, "डबा तरी ठेवायचा होता मॅडम. चटणी फेकली तर फेकली."

सकाळी त्यांचा पुतण्या आम्हाला झाडाकडे घेऊन गेला. मी आयुष्यात पहिल्यांदा ओंबिलांचं घरटं जवळून, न पेटवता पाहिलं. दहा-बारा हिरवी पानं कडेला कडा जुळवून शिवलेली, आणि शिवण पांढऱ्या, रेशमासारख्या धाग्याची. ते रेशीमच असतं. कामकरी मुंग्या एकमेकींची कंबर धरून साखळी करतात आणि पान ओढून आणतात, आणि दुसऱ्या मुंग्या वसाहतीतल्या अळ्या तोंडात धरून त्यांना या कडेवरून त्या कडेवर फिरवतात. अळीच्या तोंडातून धागा सुटतो. धोटा फिरवावा तसं. ज्या धाग्याने अळीने स्वतःचा कोश विणायचा तो ती वसाहतीच्या घराला देऊन टाकते. मुलाने अंगाला राख चोळली, वर चढला, फांदी कापून घरटं थेट खाली धरलेल्या टोपलीत सोडलं, आणि सगळी घरटी घेतली नाहीत. दोन वर ठेवली. विचारलं तर म्हणाला, पुढच्या वर्षी कुठून येतील? खाली ताईंनी टोपली पाण्यात झटकली, पानं काढली, पांढरी अंडी-अळ्या आणि लाल मुंग्या वेचल्या. हात कोपरापर्यंत लाल झाले होते. त्या हाताला काहीच लावत नव्हत्या. ओडिशात मयूरभंजच्या अशाच चटणीला, सिमिलीपाल काई चटणीला, २०२४च्या जानेवारीत भौगोलिक मानांकन मिळालं. मी त्यांना ते सांगितलं. मानांकन म्हणजे काय हे समजावताना हापूसचं उदाहरण दिलं. "म्हणजे आता महाग होईल का?" त्यांनी विचारलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दगडावर मीठ, लाल मिरची, लसूण, आल्याचा तुकडा, आणि मुंग्या. वाटताना चर्रचर्र असा आवाज येतो, तीळ कुटल्यासारखा. नाकात आंबट वाफ गेली आणि डोळ्यांत पाणी आलं. ताईंनी पानावर बोटभर वाढली आणि माझ्याकडे न बघता स्वतःचा भात कालवायला लागल्या. मी घास घेतला. आधी आंबट. चिंचेचं नाही, आमसुलाचं नाही. विजेसारखं पातळ, चटकन पसरणारं. मग मिरची. मग दाताखाली काहीतरी बारीक कुरकुरलं आणि माझी मान आपोआप आखडली. मी गिळलं. दुसरा घास घेतला, तो पहिल्याहून सोपा गेला. तिसरा मला घेता आला नाही, आणि या वेळी मी तसं सांगितलं. "ताई, एवढंच जमलं." त्या म्हणाल्या, "पुरे जी. सवय नाही ना." आणि उरलेली चटणी माझ्या पानावरून उचलून स्वतःच्या भातात घेतली.

मग मी पिशवीतून जवळा काढला. ताईंनी पुडी उघडली, चिमूटभर तळहातावर घेतला, बोटाने पसरला, उन्हात धरून बघितला. मिशा, पाय, काळे ठिपके. नाकाशी नेला. मी श्वास रोखून बघत होते. "झिंगे," त्या म्हणाल्या. "आमच्या इंद्रावतीतले याच्याहून मोठे असतात." पुतण्याने हात पुढे केला, कच्चेच चार दाणे तोंडात टाकले आणि चावत राहिला.

ताईंनी तवा चुलीवर ठेवला. मी कांदा मागितला, विळी घेऊन बसले, चिरून दिला. आमसुलं आणायची विसरले होते. "मग आंबटाला काय घालता?" त्यांनी विचारलं, आणि दगडावर उरलेल्या त्या शेंदरी चटणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हो म्हटलं. जवळा तव्यावर पडला आणि पहिल्या मिनिटात तो वास उठला, आषाढातला, कौलांखालचा. कुडाच्या भिंतीतून बाहेर गेला. शेजारच्या अंगणातली म्हातारी मोहफुलं पसरवता पसरवता थांबली, माडियात काहीतरी ओरडून विचारलं, ताईंनी उत्तर दिलं, आणि ती काठी टेकत आमच्याकडे यायला निघाली. हातात पान घेऊन.